संस्कृतीला सभागृहात बसू देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
विद्यार्थी विकास विभाग,
सातमाळा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर.

विषय : मनोबल कक्षाच्या वर्धापनदिनी मनोगत व्यक्त करण्यास संमती आणि त्यासोबत एक विनंती.
संदर्भ : 'लाभार्थी मातेचा सत्कार' याबाबतचे आपले पत्र.

महोदय,

मी एम.एस्सी. रसायनशास्त्र, द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून मला संस्कृती नावाची, अजून अंगावर पिणारी मुलगी आहे. बाळंतपणानंतर मला झोप लागत नसे. प्रयोगशाळेत उभ्या उभ्या रडू येई. म्हणून विद्यार्थिनी-मातांसाठी आपण सुरू केलेल्या मनोबल कक्षात मी स्वतःहून गेले. समुपदेशक तनुजा मॅडम म्हणाल्या, "इथं बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही." मी विश्वास ठेवला.

मी त्यांना सांगितले की, गारखेड्याच्या खोलीत एकटी असताना संस्कृतीचे रडणे थांबेना, तेव्हा तिच्या तोंडावर उशी दाबावी असे माझ्या मनात आले. तशीच तिला उचलून मी शेजारच्या सारजाबाईंच्या मांडीवर दिले आणि म्हणाले, "मावशी, हिला माझ्यापासून लांब ठेवा." सारजाबाईंनी आम्हा दोघींना जवळ घेतले. हेही मी मॅडमना सांगितले होते.

पुढच्या भेटीस मॅडमनी माझे पती अभय व सासूबाई कडूबाई यांना बोलावून घेतले आणि माझ्या नोंदीतून उशीचे तेवढे वाचून दाखवले. सारजाबाईंचे वाचले नाही. सासूबाईंनी तिथेच माझ्या मांडीवरून लेकरू ओढून घेतले. "लेकराच्या जिवावर उठली ही. हिच्यापाशी नाय ठेवायचं," म्हणाल्या. मी अभय यांच्याकडे पाहिले. ते मॅडमकडे प्यायला पाणी मागत होते.

संस्कृती आता खुलताबादला सासूबाईंकडे आहे. मी तिथे गेले असता दार उघडले नाही. माझा आवाज ऐकून ती आत जास्तच रडू लागली. सासूबाई आतूनच म्हणाल्या, "जा बाई, तुझ्यामुळंच रडायली ती." माझा ब्लाऊज दुधाने भिजला होता. पदर लपेटून एसटीने परत आले.

त्यानंतर मी पुन्हा कक्षात गेले. मूल सोबत राहत नसल्यामुळे मी 'माता' या व्याख्येत बसत नाही, असे मला कळवण्यात आले. तसेच ताणाचे कारण दूर झाल्याने माझे प्रकरण 'यशस्वी' या शेऱ्यासह बंद केले आहे. सत्कार त्याबद्दलच आहे. याविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार केल्यास 'अस्थिर' असा शेरा द्यावा लागेल, हे मॅडमनी पाठीवर हात ठेवून समजावले आहे.

तरी सत्कार मला मान्य आहे. मॅडम लिहून देतील ते मी वाचीन, हसतमुखाने वाचीन. विनंती एवढीच की, सासूबाईंनाही 'आदर्श आजी' म्हणून नातीसह निमंत्रण द्यावे. शाल मिळणार असेल तर त्या नक्की येतील. त्यांना पहिल्या रांगेत बसवावे. मी व्यासपीठावरून खाली उतरणार नाही, तसे लिहून देते. मात्र संस्कृतीने मला ओळखले आणि ती रडली, तरी तिला बाहेर नेऊ नये.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(सही)
रूपा अभय औताडे
दि. १८ फेब्रुवारी २०२५

सोबत : मुलीच्या जन्मदाखल्याची प्रत (आईच्या रकान्यात माझे नाव असल्याबाबत).