कोकिलाबेन आणि ओलीस धरलेलं घर

बुधवार, १७ जुलै १९९६, बडोदे

"पाहुणा समोर असताना आपण दुसरीकडे बघायचं नसतं." लग्नाच्या पहिल्या वर्षी मामंजींनी रेडिओ बंद करून मला हे ऐकवलं होतं. ह्यांनी तो नियम अजून सोडलेला नाही.

आज संध्याकाळी केबलवर तो जुना, रंग नसलेला सिनेमा लागला. फरारी खुनी एका घरात शिरतो आणि सगळ्या कुटुंबाला ओलीस धरतो. कॉलेजात असताना निम्माच पाहिला होता. आई खुन्यापुढे दुधाचा पेला ठेवते आणि तिथेच थिएटरची वीज गेली. त्या दुधात तिनं काही घातलं होतं का? तेवीस वर्षं मी विचार करतेय.

आज पेला टेबलावर आला आणि शेजारच्या कोकिलाबेन दारात. त्या झोपाळ्यावर टेकल्या. ह्यांनी हसतमुखानं उठून टीव्ही बंद केला. मग पाऊण तास आम्ही दोघी लोणच्यावर बोललो. मनात माझ्या पेला. त्या सारख्या बंद टीव्हीकडे का बघत होत्या कोण जाणे.

निघताना म्हणाल्या, "बेन, भाईंनी बंद केम केला? मी तर पिक्चर जोवाच आली होती! आमचं केबल सकाळपासून बंद छे."

"मग बोलायचं नाही का?"

"तुम्ही एवढ्या प्रेमानं लोणच्याचं विचारत होता!"

हे म्हणाले, "सुटले असतील गं सगळे."

उद्या केबलवाल्या भरतभाईंना फोन करणार. एकदा लावलेली कॅसेट ते पुन्हा लावत नाहीत, नाहीच म्हणतील. तरी विचारणार: भरतभाई, सगळा नको, शेवटची वीस मिनिटं तेवढी लावाल का? बघणाऱ्या आम्ही दोघीच आहोत.