नदीपलीकडचे सहा भुंगेरे

१ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. किड्यांच्या बाटल्यांभोवती तुझं फाटकं बनियन गुंडाळलेलं आमच्या सगळ्या संग्रहालयाने पाहिलं. असो. त्यातल्या सहा निळ्या पानभुंगेऱ्यांनी माझी झोप उडवलीय. ही जात आजवर फक्त नदीच्या पूर्वेला मिळाली, तीही एकाच वेलीवर. बाटलीवरच्या तुझ्या चिठ्ठीवर मात्र ‘पश्चिम काठ, दगडी बांध’! या भुंगेऱ्यांच्या नऊ जाती वेगळ्या करून कोण कुठे राहतं ते ठरवण्यात माझी वीस वर्षं गेली. त्याचा नकाशा तीस तारखेला छापायला जातोय आणि मी या जातीची सीमा नदीपलीकडे सरकवून बसलेय. चिठ्ठी बरोबर आहे ना? फाटे न फोडता एवढंच कळव.

वेळेवर जेव.

तुझी मावशी


८ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

चिठ्ठी बरोबर आहे. ‘जिथं सापडेल तिथलंच नाव लिही, डोकं चालवू नकोस,’ असं तूच बजावलं होतंस. इथला होडीवाला एका हाताने वल्हवतो नि दुसऱ्याने कान कोरतो... बघ, फुटला फाटा.

तर ते सहाही मी माझ्याच पिशवीवरून उचलले. पूर्वेला वेलीखाली पिशवी उशाला घेऊन ताणून दिली होती. मग होडीने इकडे आलो, बांधावर टेकलो, तर पट्ट्यावर हे! नदी त्यांना मीच ओलांडून दिली असणार. तुझं पत्र वाचलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. नुसतं ‘हो’ लिहून मोकळा होणार होतो, तू किती खूश असशील ते दिसत होतं. पण हात धजेना.

तेव्हापासून तीन दिवस या काठावर पानन् पान उलटतोय. वेल आहे, भुंगेरा एकही नाही. पाय शिवशिवतायत. उद्या डोंगराकडे निघावं म्हणतो. रागव हवं तर, पण लोभ तोडू नकोस.

तुझा भाचा, म्हणजे तुझीच भिंगरी


१३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

रागावले, पण स्वतःवर. पिशवी झटकायला मी शिकवलंच नव्हतं. सीमा खोडून टाकली.

पश्चिम काठावर आता रिकामं वर्तुळ काढलंय. म्हणजे इथे कुणीतरी नीट शोधलं, मिळालं नाही. इतक्या वर्षांत तिथं शोधायला कुणी थांबलंच नव्हतं. वर्तुळाखाली शोधणाऱ्याचं नाव छापतात आणि शोधाचे दिवसही. दहापेक्षा कमी असले तर वर्तुळच धरत नाहीत.

हे पत्र तुला काठावर गाठेल की डोंगरात, देव जाणे. तुझं नाव मी लिहून ठेवलंय. दिवसांची जागा मोकळी आहे. काय आकडा घालू, ते तीस तारखेच्या आत कळव.

तुझी मावशी