छावणीतली हजेरी

३ डिसेंबर २०१२, सोमवार

बीडहून परतलो. दोन दिवसांचे प्रशिक्षण सुफळ संपूर्ण. विषय — 'माध्यमिक स्तरावरील अध्ययन-अध्यापनावर परिणाम करणारे घटक'. व्याख्याते विद्वान, खुर्च्या लोखंडी. घटक तीन प्रकारचे निघाले: विद्यार्थीगत, शिक्षकगत आणि पर्यावरणगत. यंदाच्या दुष्काळाने आमच्या गावी या तिन्हींची सरमिसळ करून टाकली आहे, तेव्हा पृथक्करण कसे करावे, अशी नम्र पृच्छा मी केली. "जेवणानंतर घेऊ," म्हणाले. जेवणानंतर ते पुण्यास गेले.

सोबत एक प्रपत्र दिले आहे. आपल्या शाळेतील घटक निरीक्षणपूर्वक नोंदवून फेब्रुवारीअखेर पाठवायचे.

४ डिसेंबर

दहावीच्या पटावर छत्तीस, बाकांवर तेवीस. उर्वरित तेरा कोठे आहेत हे शोधण्यास गुप्तहेर लागला नाही. शाळेपासून दहा मिनिटांवर, तलावाच्या कोरड्या उदरात, दूध संस्थेने गुरांची छावणी उघडली आहे. निम्म्या गावाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. गुरे म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या हवाली. जेथे गुरे, तेथे आमची दहावी.

छावणीची हजेरी मात्र आदर्श! प्रत्येक गुराच्या कानात बिल्ला. संस्थेचा शहादेव वही घेऊन कोणत्याही प्रहरी फिरतो. दावणीपाशी घरचे एक माणूस हजर पाहिजे. नसेल तर दावण रद्द, गुरे परत. चोवीस वर्षे अध्यापन करतो आहे. बिल्ल्याची युक्ती मला सुचली नाही.

७ डिसेंबर, शुक्रवार

छावणीत जाऊन आलो. सत्यभामेसाठी.

ही आश्रुबाची थोरली. वर्गात पहिली. प्रश्न पुरा होण्यापूर्वी उत्तर हिच्या भुवईवर आलेले असते. दिवाळीनंतर बाक रिकामा. आश्रुबा आणि हिची आई बायनाबाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर. घरी आजी भिवराबाई, तिचे गुडघे असहकार पुकारून बसलेले. म्हैस, गाय आणि कालवड यांच्यापाशी ही एकटी. हिरव्या जाळीखाली बसून, वैरणीच्या पेंढीवर भूमितीचे पुस्तक ठेवून, प्रमेय लिहीत होती.

"शाळेत का येत नाहीस?"

"म्हशीला इचारा, सर. ती सोडंना."

मंडळाचा नियम तिला ठाऊक आहे: पंचाहत्तर टक्के उपस्थिती, अन्यथा परीक्षेला बसता येत नाही. गणित मी करणार होतो. तिने आधीच केले होते. "नाताळापस्तोर आले न्हाई तर गेले, सर." स्वर असा की जणू दुसऱ्याच कोणाचा निकाल वाचते आहे.

येताना भिवराबाईंच्या दारात क्षणभर थांबलो. "औंदा परीक्षा हुकली की म्होरल्या साली ती बी टोळीत," म्हातारी म्हणाली. "बाप बोलून गेलाय तसं. आन् बापाचं तरी काय चुकलं, गुर्जी? घरी बसून का करंल?"

शाळेत यावे तर गुरे जातात. गुरांपाशी राहावे तर दहावी जाते. प्रपत्रात यासाठी रकाना नाही.

१० डिसेंबर

मुख्याध्यापक मोहनराव यांच्या दालनात. दालन म्हणजे कपाटामागची जागा.

"हजर मांडा आन् मोकळे व्हा," मोहनराव म्हणाले. "समदे मांडत्यात. नववीचा पट बघा. शंभर टक्के. कावून तुमालाच येवढं जड जातंय?"

नववीचा पट मी पाहिला आहे. त्यात दोन वर्षांपूर्वी मुंबईस गेलेला एक मुलगा अद्याप अखंड उपस्थित आहे.

मी म्हणालो, माझ्या हजेरीपटात आजवर एक अक्षर असत्य नाही. हा माझा एकमेव अलंकार. केस तर केव्हाच गेले.

"लई चांगलं," ते म्हणाले. "तुमच्या सत्यापायी पोरगी ऊस तोडंल. अलंकार घालून बघायला जा."

चहा न घेता उठलो. पुढे कळले की चहा नव्हताच.

११ डिसेंबर

रात्री जेवताना सौ. मंजुळाबाईंना संपूर्ण पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष ऐकवला. हजेरी म्हणजे साक्ष, आज दयेपोटी लिहिले तर उद्या सोयीपोटी लिहीन, वगैरे. त्यांनी भाकरी वाढली.

"खोटं लिहायचं न्हाई, ते कळलं," म्हणाल्या. "खरं व्हावं म्हणून काय केलं तुमी?"

भाकरी खाल्ली.

१२ डिसेंबर

क्षेत्रभेट!

शालेय नियमावलीत हा शब्द वर्षानुवर्षे निष्पाप झोपलेला आहे. शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्ग शाळेबाहेर गेला तर ती क्षेत्रभेट, आणि क्षेत्रभेटीस आलेला विद्यार्थी हजर. वर्षातून किती भेटी, यावर नियमावली मौन पाळते. सत्यभामा वर्गात येऊ शकत नसेल तर वर्ग सत्यभामेकडे जाईल. रोज. सर्व तासिका. परीक्षेपर्यंत.

मोहनरावांनी कागद दोनदा वाचला. "ह्ये माज्या सहीनं व्हायचं न्हाई. अध्यक्षाकडं जा."

१४ डिसेंबर, शुक्रवार

अध्यक्ष त्रिंबकराव. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष तेच, आणि छावणी चालवणाऱ्या दूध संस्थेचे चेअरमनही तेच. म्हणून अर्ज दोन नेले: अध्यक्षांना परवानगीसाठी, चेअरमनना जागेसाठी. आमने-सामने ठेवले.

चेअरमनचा आधी वाचला. "पोरं गुरात आनून बसवनार? म्हशी बुजल्या, दूध आटलं, तर कोन जबाबदार?"

"मी."

"तुमाला धार काढता येती का?"

"नाही. म्हणूनच माझ्यावर संशय येणार नाही."

हसले. बराच वेळ पान जुळवत बसले. मग म्हणाले, "चेअरमन म्हनून माजी हरकत न्हाई. पन अध्यक्षाला इचारावं लागंल."

"विचारावे."

पान तोंडात गेले. डोळे मिटले. उघडले. "इचारलं. हो म्हनतोय."

दोन्ही अर्जांवर एकाच पेनाने दोन निरनिराळ्या सह्या केल्या. इतका प्रामाणिक पत्रव्यवहार मी शासनाच्या दप्तरी पाहिलेला नाही.

१७ डिसेंबर, सोमवार

इयत्ता दहावी, छावणी. उपस्थिती चौतीस. सत्यभामा — हजर. अक्षर थोडे मोठे आले.

फळा बाभळीला टांगला. संस्कृत सुभाषिताचा अन्वय लावत असताना आश्रुबाच्या म्हशीने माझी छत्री चघळली. वर्गाने अभूतपूर्व एकाग्रता दाखवली, सुभाषिताकडे नव्हे.

शहादेव वही घेऊन आला, दावणीपाशी थांबला, वर्गात डोकावला. "हाय का गं सत्ये?" "हाय." त्याने वहीत लिहिले. मी माझ्या पटात. एकच मुलगी, दोन हजेऱ्या, दोन्ही खऱ्या.

१९ डिसेंबर

गणिताचे पंडित सर पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून आले. दुसऱ्या दिवशी रुमाल खिशात. आज एका बैलाची पाठ खाजवत त्यांनी वर्तुळखंड शिकवला. घटक पर्यावरणगत.

२ जानेवारी २०१३

कारखान्याकडून उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे चाऱ्याच्या शेंड्यांचा, ट्रक आला, तास थांबला. मुलांनी मोळ्या उतरवल्या. सत्यभामेने एक वाढे उचलून कापलेले टोक निरखले.

"ह्यो आमच्या बाच्या कोयत्याचा काप असंल," म्हणाली. "तिरपा हाय बघा. बा तिरपाच मारतो."

शेजारची पोरे हसली. कोणी म्हणाले, "मग तुज्या म्हशीलाच घाल गं, बाची खुशाली कळंल तिला."

तीही हसली. मग ते वाढे खरोखर वेगळे काढून म्हशीपुढे टाकले. मी फळा पुसत राहिलो. फळा स्वच्छच होता.

११ जानेवारी

टँकर आला नाही. सर्वांना तहान. तरी कोणी उठले नाही. समास पूर्ण केला.

१९ जानेवारी, शनिवार

भिवराबाई टेकत टेकत नातीला भाकरी घेऊन आली. बांधावर बसून अख्खा तास ऐकला. उठताना म्हणाली, "तुमचं येक बी अक्षर कळलं न्हाई, गुर्जी. पन ऐकायला ग्वाड लागतंय." माझ्या चोवीस वर्षांच्या सेवेतील हा सर्वोत्तम तपासणी-अहवाल.

खरे तर हा हिवाळा मला मानवला आहे. पाणी नाही, वाऱ्याने खडू उडतो, धोतराला शेण लागते — आणि तरी सकाळी छावणीकडे निघताना पाऊल हलके पडते. मंजुळाबाई म्हणतात, तुम्ही शीळ घालता. मला ठाऊक नव्हते.

१२ फेब्रुवारी

उपस्थितीचा दाखला मंडळाकडे गेला होता. परीक्षेची प्रवेशपत्रे आली. सत्यभामेची टक्केवारी शहात्तर. मोहनरावांनी पट तीनदा तपासला. "हे खरं शहात्तर हायेत?" त्यांना सवय नव्हती.

सत्यभामेने प्रवेशपत्र दोन्ही बाजूंनी वाचले, पाठीमागच्या सूचनांसकट. नंतर पाहिले तर कालवडीच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होती.

२० फेब्रुवारी

बीडचे प्रपत्र भरून पाठवले. 'आढळलेला प्रमुख घटक' या रकान्यात लिहिले: म्हैस (एक). 'सुचवलेली उपाययोजना': तिच्याशेजारी बसावे.

२५ फेब्रुवारी, सोमवार

नवीन पेच. परीक्षाकेंद्र पाटोद्यास, सकाळी निघायचे, तिन्हीसांजेला परत. तेवढ्या दिवसांत दावणीपाशी कोण? घरचेच माणूस लागते, हा नियम चेअरमननाही वाकवता येत नाही. तहसीलचे पथक येते. गेल्या आठवड्यात पथकाने दोन दावणी रद्द केल्या.

सत्यभामा म्हणाली, मग राहू द्या. मी रागावलो. संस्कृतात रागावलो, त्यामुळे परिणाम झाला नाही.

भिवराबाईने प्रश्न मिटवला. "मी बसते की. गुडघं हितं बी दुखत्यात, तितं बी दुखत्यात."

१ मार्च

दावणीपाशी आजीसाठी बाज टाकली. परीक्षेच्या पर्यवेक्षकांच्या यादीत माझे नाव नाही. वयोमानानुसार की स्वभावानुसार, विचारले नाही.

९ मार्च

आजवरचे पेपर उत्तम. आजी बाजेवरून छावणीवर राज्य करते. शहादेवला तिने दोनदा वैरण कमी तोलल्यावरून झापले.

१४ मार्च, गुरुवार

भूमितीचा पेपर. पहाटे निरोप आला — भिवराबाईस सणकून ताप, उठवेना. सत्यभामा जीपमध्ये चढायला तयार होईना. तिला म्हणालो, तू जा, इथले मी पाहतो. गेली.

दहाला शहादेव आला. सोबत तहसीलचे साहेब, हातात वही. साहेबांनी वहीतले नाव वाचले. "सत्यभामा कुठंय?"

मी म्हणालो, "आहे. वाढे आणायला गेली आहे पलीकडे."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. शहादेव म्हणाला, "लिवा साहेब. मास्तर म्हनत्यात म्हंजे हाय. ह्यांनी उभ्या जल्मात खोटं मांडलं न्हाई."

साहेबांनी लिहिले: हजर.

दुपारी म्हशीला पाणी पाजले. संध्याकाळी सत्यभामा जीपमधून उतरली. पेपर सोपा गेला म्हणाली.