तळ्यातलं हिरवं

चि. बिभीषणास दादाचे आशीर्वाद.

चितेगावला लेकीकडं मी मजेत आहे. तुझ्या बायकोचा, रत्नमालेचा, गुडघा कसा आहे? पाण्याला तूच जात जा.

आपल्या गावाला चारा छावणी का नाकारली, ते आज तहसील कचेरीत कळलं. उपग्रहाच्या फोटोत आपलं कोरडं तळं हिरवंगार दिसतं! सारी वेडी बाभूळ. मी तिथल्या तहसीलदार मॅडमला म्हटलं, "बाई, हिचा पाला मेंढरं तोंडात धरत नायत."

ती म्हणाली, "काका, उपग्रहाला रंग कळतो, चव नाही. सोमवारी मी स्वतः तळ्यात उतरून बघते."

तिला घेतल्याशिवाय मी गावाकडं तोंड करणार नाय. तोवर व्यापारी आलाच तर त्याला चहा पाज, पण एकही मेंढरू देऊ नको.

तुझा दादा,
त्रिंबक