कॉर्नेल पेटवेचे हात

सोमवार, ६ ऑक्टोबर

नवा रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, आणला. टोलेडोच्या टीमने परवा काढून टाकला, आमच्यांनी आज उचलला. कॉर्नेल पेटवे. वय तेहतीस. तेहतीस! दाढीत पांढरं, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. आमचे कपडे-बूट सांभाळणारा गस त्याच्या तोंडावरच म्हणाला, "याला हेल्मेट देऊ का काठी?" पेटवे म्हणाला, "दोन्ही दे. काठी तुला लागेल."

लॉकरवर गसने पांढरी चिकटपट्टी लावून वर मार्करने नाव लिहिलं. माझंही तसंच आहे. पक्क्या लोकांना पाटी असते, स्क्रूने बसवलेली. पेटवेने पट्टीवरून बोट फिरवलं. म्हणाला, "पट्टी बरी. काढली की मागे खूण राहत नाही."

सराव संपल्यावर ब्रुनर कोचने मला थांबवलं. वाटलं, झालं, मला काढतायत. पण नाही!

"गिड्री, हा आठवडा पेटवेच्या समोर तूच. दुसरं कोणी नाही. रोज मला सांगायचं—हात कसे, पाय कसे, डोकं कसं. अगदी खरं."

मी म्हटलं, लिहून देऊ?

"नको नको. तोंडी सांग."

माझं लिहिणं त्यांना माहीत आहे. शाळा नववीत सुटली, तेव्हापासून कोळंबीच्या बोटीवर. त्यांनी माझी लाज राखली असं वाटलं. जाताना म्हणाले, "आणि त्याला कळलं तरी चालेल हं, की तू त्याला बघतोयस. लपवायचं काय त्यात?"

लुइझियाना सोडून या थंडीत फुटबॉलसाठी आलो त्याला दोन हंगाम झाले. पळ म्हणतात, पळतो. पड म्हणतात, पडतो. मी सरावापुरता कॉर्नर. आठवडाभर रिसीव्हरला चिकटून धावायचं, त्याच्याकडे आलेला चेंडू उडवायचा, आणि रविवारी घरच्या कपड्यांत कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. आज पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, रेमी गिड्री, तुला काय वाटतं?

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज दिवसभर पेटवे. माझी जिरली!

पहिले दोन चेंडू मीच उडवले. म्हटलं, म्हातारा सुटायलाच वेळ लावतो. पहिली पावलं जड. सरळ पळण्यात मी त्याला कधीही गाठीन. मग तिसऱ्या वेळी तो सरळ माझ्या अंगावर आला, मी मागे सरकत होतो, आणि एकदम—तो तिथे नाहीच! बाकीचे रिसीव्हर वळायच्या आधी पावलं बारीक करतात. गाडी वळायच्या आधी ब्रेक लागतो ना, तसं. ते दिसलं की मला कळतं. हा बारीक करतच नाही. पळता पळता कंबर खाली जाते आणि वळलेला असतो. मी तोंडावर आपटलो. वर बघतो तर हात पुढे करून उभा. "ऊठ रे. गवत खायला गाई आहेत."

आणि हात! चेंडू छातीवर घेत नाही. बोटांत घेतो, अंगापासून लांब. बाकीच्यांचा चेंडू येताना फट् आवाज होतो. याचा होतच नाही. जाळं ओढताना माझा बाप ओरडायचा—हात मऊ ठेव, जाळं फाटेल. तसे हात. पावसात चेंडू साबण झाला होता, एकदाही सुटला नाही.

कोचला सगळं सांगितलं. सुटायला हळू. वळण्यात राजा. हात आमच्या सगळ्यांपेक्षा चांगले. लांब फेकीसाठी नको, पण अडीनडीला, गर्दीत, चार पावलंच पुढे सरकायला हवी असताना—हाच. आणि स्वतःकडे चेंडू येणार नसला तरी दुसऱ्याची वाट मोकळी करायला अंग घालतो. ते आमच्याकडे कोणी करत नाही.

कोच मान हलवत होते. "छान. छान. डोळा आहे तुला."

डोळा आहे मला!

बुधवार, ८ ऑक्टोबर

पेटवेबरोबर जेवलो, तळ्याकाठच्या खानावळीत. धुरावलेला मासा आणि जंगली तांदळाचं सूप. मी सूपात तिखट ओतत होतो तर म्हणाला, "कोळ्या, मेलेल्या माशाला परत मारतोस काय?" आता मला कोळीच म्हणतो. मी त्याला आजोबा.

मग त्याने चमचा ठेवला.

"रविवारी मॅच कोणाशी रे आपली?"

"टोलेडोशी."

"आणि मी आलो कुठून?"

"टोलेडोहून."

"मग? लिंबू घरात कशाला आणतात, शोभेला?"

म्हणे, हे सगळीकडे चालतं. रविवारी ज्यांच्याशी गाठ, त्यांचा काढलेला माणूस उचलायचा. त्यांच्या खुणा, इशारे, सगळं त्याच्याकडून काढून घ्यायचं. मॅच झाली की साल फेकून द्यायची. त्याच्या ओळखीच्या दोघांना असंच केलं. "सोमवारपासून कोच लोक गोड बोलतायत. मी काही बोललो नाही. तिकडे माझी माणसं आहेत. चार वर्षं एका ताटात जेवलोय."

मला हसू आलं. म्हटलं, आजोबा, नुसतं पिळायचंच असतं तर मला रोज तुझे हात-पाय कशाला बघायला लावले असते? लिंबाची चाल कोणी बघतं का?

तो टेबलावर पुढे वाकला.

"तुला खरंच बघायला सांगितलंय? काय सांगितलंस तू?"

सांगितलं. राजा म्हणालो तेही सांगितलं. मान खाली घालून सूप ढवळत बसला. मग म्हणाला, बायको ओडेसा आणि पोरगी बर्डी अजून टोलेडोतच आहेत. ते घर या महिन्यात सोडायचंय. अलाबामाला आईकडे पाठवू का इथे आणू? पोरीच्या आतापर्यंत दोन शाळा झाल्या. "तू आतला माणूस. तुला कळतं."

आतला माणूस! मी! म्हटलं, उद्या कोचला विचारतो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

विचारलं. कोच हसले. माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे बोलव म्हणावं! पोरीला तळं आवडेल."

पळत जाऊन सांगितलं. पेटवेने माझं डोकं काखेत धरून चोळलं, पार कान लाल होईपर्यंत. मग स्वतःच उठून कोचच्या खोलीत गेला. दार लागलं. आम्ही सगळे जेवून आलो तरी लागलेलंच. बाहेर आला तेव्हा घसा बसला होता.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

टोलेडोचा क्वार्टरबॅक—त्यांचा चेंडू फेकणारा—आतल्या बाजूला पटकन फेकणार असला की आधी डावी टाच उचलतो. स्वतःला माहीतही नाही त्याला! आज कोचने सगळ्यांना हे घोकून घेतलं. आणखीही बऱ्याच खुणा.

आणि रविवारी मी खेळणार!! कडेला नाही. मैदानात. कोच म्हणाले, "मेहनत केलीस, हक्काचं घे." आईला फोन केला. ती म्हणाली, आतून गरम बनियन घाल.

शनिवार, ११ ऑक्टोबर

ओडेसा वहिनी आली. गाडीच्या टपावर गादी बांधलेली, आत पोरीची सायकल, भांडी, कुंडीत मिरचीचं झाड. माझ्यासाठी रताळं घालून भाजलेला केक. म्हणाली, "तूच का तो कोळी? मी म्हटलं होतं, रविवार होऊ दे, मग बघू. तर हे म्हणाले, कोळ्याने स्वतः विचारलंय. म्हणून निघाले."

बर्डीने तळं बघितलं आणि विचारलं, "पलीकडे टोलेडो आहे का?"

रविवार, १२ ऑक्टोबर

जिंकलो! मी चेंडू पकडला! त्यांचा चेंडू—मी!

त्यांची शेवटची संधी. जिंकायला थोडंच पुढे सरकायला हवं होतं. मी टाचेकडेच बघत होतो. उचलली. मी माझ्या माणसाला सोडून सरळ आत धावलो. डोळ्यांनी चेंडू बघितलाच नाही, हातात आला तेव्हा कळलं. सगळे अंगावर पडले. आईने टीव्हीवर बघितलं असेल का? आमची मॅच तिकडे लागत नाही. तरी.

एकच. पेटवेला कपडे घालून बसवलं, पण एकदाही आत पाठवलं नाही. मी म्हटलं, नवा आहेस, पुढच्या रविवारी. तो म्हणाला, हो.

मॅच संपल्यावर तो टोलेडोच्या लोकांना भेटायला गेला. त्यांच्या क्वार्टरबॅकने स्वतःच्या डाव्या टाचेकडे बघितलं, मग याच्याकडे. हात पुढे केलाच नाही. पेटवेचा हात तसाच. तेच हात.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काढला.

सकाळी गेलो तर लॉकर रिकामं. पट्टी नाही. खूण पण नाही. खरं बोलला होता.

कोचच्या खोलीत घुसलो. दार वाजवलं नाही. म्हटलं, मी तुम्हाला रोज सांगत होतो. हात सांगितले, वळणं सांगितली. सगळ्यांपेक्षा चांगला म्हणून सांगितलं. मग?

"खाली बस, गिड्री."

बसलो नाही.

"सगळं बरोबर सांगितलंस. पण आपल्याकडे रिसीव्हर कमी होते असं तुला कोणी सांगितलं?"

मग मला बघायला का लावलं?

ते खिडकीबाहेर बघत होते. चिडलेही नाहीत! चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आम्ही विचारलं तर बोलत नव्हता. म्हातारे रिसीव्हर हुशार असतात. तुझं त्याला खरं वाटलं. कारण तुला खरंच वाटत होतं. त्याचं कुणाला नाटक करता येत नाही, पोरा."

त्याला आणला होता बोलायला. मला ठेवला होता त्याला खरं वाटायला. आणि मी मूर्ख, हातांचं वर्णन करत बसलो! पावसात सुटत नाही म्हणे! ते मान हलवत होते, छान छान म्हणत होते. एक शब्द ऐकला नसेल. "तोंडी सांग"—माझी लाज राखायला नव्हतं ते. लिहून ठेवायचंच नव्हतं काही.

डोळा आहे म्हणे मला. आंधळा!

बुधवार, १५ ऑक्टोबर

पेटवे आणि त्याची माणसं उतरली होती त्या मोटेलवर गेलो. गाडी परत भरत होते. गादी मीच दोरीने बांधली. कोळ्याची गाठ, सुटणार नाही. तेवढंच जमलं.

ओडेसा वहिनीने माझ्याकडे पाठ केली. मिरचीचं झाड पायाशी ठेवलं, दार लावलं.

पेटवेला म्हटलं, आजोबा, मला माहीत नव्हतं. देवाशपथ.

"ठाऊक आहे. तुला माहीत असतं तर मला पहिल्या दिवशीच कळलं असतं. तुझ्या तोंडावर काही टिकत नाही." मग दोरी ओढून बघत म्हणाला: "मी फसलो त्याचं नाही रे. असं आधीही झालंय. पण चार वर्षं जेवलो त्या ताटात थुंकून आलो. आता तिकडचं दार गेलं, इकडचं पण गेलं."

मी विचारलं, आता कुठे?

"आईकडे. बर्डीची तिसरी शाळा."

शिवी दिली असती तर चाललं असतं. माझा हात हातात घेतला. मऊ हात. म्हणाला, "टाच बघून आत आलास, चांगला आलास. पण पाव सेकंद लवकर निघालास. दुसरा कोणी फेकणारा असता तर पकडला असता तुला."

जातानाही शिकवून गेला. मला रडू आलं नाही, राग आला. कोणाचा ते कळेना.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

गसने माझ्या लॉकरवर पाटी बसवली. गिड्री. स्क्रू घट्ट पिळले. म्हणाला, "हसशील तरी!"

रविवार, १९ ऑक्टोबर

हरलो. शेवटी चार पावलं हवी होती. चेंडू आमच्या रिसीव्हरच्या छातीवर आपटून पडला. फट्.

सोमवार, २० ऑक्टोबर

कोचने बोलावलं. ओमाहाने एक रिसीव्हर काढलाय, तो उद्या येतोय. "तूच बघ त्याला, हात-पाय वगैरे. तुझ्याशी लोक मोकळं बोलतात." माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. म्हणजे आता मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, आणि तरी.

मी मान हलवली. त्यांच्यासारखीच.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

नवा आला. लिनस नाव. पाय हलके, हात कडक. हसत पुढे आला—"कोच म्हणाले, तू मला बघणार आहेस. म्हणजे ठेवणार ना मला? बायकोला कळवू?" ब्रुनर कोच मागेच उभे होते. मी लिनसला खांद्याला धरून दारावरच्या वेळापत्रकापुढे नेलं आणि रविवारच्या ओळीवर बोट ठेवलं. ओमाहा. तो वाचत राहिला. मग मी गसकडे स्क्रूड्रायव्हर मागितला.