मोदकपात्रावरचं दुसरं नाव

अभय, चष्मा तुझ्या कपाळावर आहे. तो खाली घे, मग वाच. हा कागद कुठे ठेवलास ते तू विसरणारच, म्हणून दुसरी प्रत तांदळाच्या डब्यात आहे.

मी, द्वारका मनोहर शिरधनकर, वय एक्याऐंशी, मूळची गुहागरची, राहणार चोआ चू कांग, सिंगापूर, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दडपणाशिवाय माझी इच्छा सांगते आहे. मला अक्षरओळख नाही. सून उल्का लिहिते आहे. ती मधूनमधून हसते. ते दडपण समजू नये.

१. फ्लॅट अभयचाच आहे. तो मी मोठ्या मनाने त्यालाच देते.

२. पाटल्या उल्काला. खवणी अभयला. आयुष्यभर खवलेलं खोबरं बकाणे भरून खाल्लंस, आता खवून बघ.

३. मोदकपात्र नात अनुयाला, पण अट पाळली तरच. अट कळायला आधी माझी लबाडी ऐका.

अठरा वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे मोदक करायचं काम माझ्याकडे आलं. वाफवायला हळदीची पानं कुठे मिळेनात. शेजारची रोहानी मलय. तिच्या दारातल्या कुंड्यांत हळद. ती पानं ती रेंदांग नावाच्या मटणाच्या रश्श्यात घालते. तिला मराठी येत नाही, मला मलय येत नाही. मी पानाकडे बोट दाखवलं, तिने कात्री आणली.

मंडळात संजीवनीने विचारलं, "काकू, पानं कुठली? मटण शिजतं त्या घरातली नैवेद्याला चालायची नाहीत हं." विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी हिच्याच घरी कोंबडी शिजते! पण मी घाबरले. म्हटलं, "गुहागरची. विमानाने आली." सगळे म्हणाले, काय गावचा वास आहे! तेव्हापासून रोहानीची पानं दरवर्षी विमानाने येतात. आणि बिंग फुटेल म्हणून रोहानीला मी एकदाही पंगतीला बोलावलं नाही. हे मला टोचतं.

अनुया युनिव्हर्सिटीत जुन्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या वस्त्यांबद्दल शिकते. इजिप्तमध्ये म्हणे नॉक्रॅटिस नावाचं बंदर होतं. गावोगावचे ग्रीक तिथे जमले, आणि नऊ गावांनी मिळून एक देऊळ बांधलं. देवाला वाहिलेल्या भांड्यांवर त्यांनी नावं कोरली. ती आजही सापडतात. मी म्हटलं, "अगं, हे तर आपलं मंडळ! तिकडे कोण नागपूरचा, कोण कोल्हापूरचा. इथे विमानातून उतरले आणि सगळे मराठी झाले." मग विचारलं, "आणि शेजारच्या इजिप्तच्या बायका? पालापाचोळा कुठे मिळतो ते ह्यांना दाखवलं कोणी?"

"आजी, नो एव्हिडन्स, ला," ती इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"कसा असेल? भांडं राहतं, पान कुजतं."

तर अट अशी. पात्रावर माझं नाव घातलेलं आहे. वाचता येत नाही, पण ठिपक्यांवरून बोट फिरवलं की ते मीच, हे कळतं. त्याखाली रोहानीचं नाव घालून घ्यायचं आणि तिला पहिल्या पंगतीला बसवायचं. जमत नसेल तर पात्र रोहानीला. त्यात काय वाफवायचं ते तिचं ती बघेल.

४. कलम तीन माझ्या मरणाची वाट बघणार नाही. गणपती दहा दिवसांवर आलेत. यंदा पानं आणायला अनुया सगळ्यांदेखत जाईल. उल्का, लिहिणं ठेव, आधी संजीवनीला फोन लाव.

५. फोन झाला. सगळं सांगितलं. संजीवनीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, वास मात्र गुहागरचाच होता हो." आणि हसत सुटली. रोहानीला आणायला ती स्वतः येणार आहे. हेही लिही, उल्का, नाहीतर उद्या म्हणेल मी बोललेच नव्हते.

हे सगळं मला वाचून दाखवलं, ते बरोबर आहे, म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा देते. शाईबरोबर थोडी तांदळाची पिठी लागली आहे, ती माझीच.

द्वारका मनोहर शिरधनकर (अंगठा)

साक्षीदार: निशिकांत पेठे (सही), प्रणिता साळवी (सही)

चोआ चू कांग, सिंगापूर
१७ ऑगस्ट २०२५

ता. क. विसर्जनानंतर रोहानीकडून चिकन रेंदांग येईल. पहिला वाडगा संजीवनीकडे पाठवा. हळदीचं पान वर दिसलं पाहिजे.