घासून लख्ख केलेला ट्यूलिप

५ फेब्रुवारी २०२१, शुक्रवार, क्लोनडॉकिन

किचनमधल्या कपाटाच्या दारात भोक पडलंय. मी पाडलंय. सासूबाईंच्या कानापासून बोटभर अंतरावर.

सतराव्या शतकातल्या एका छापचित्रावरून मी तो ट्यूलिप तांब्याच्या पत्र्यावर कोरत होते. लॉकडाऊन लागल्यापासून, रोज थोडा थोडा. पाकळ्यांवरच्या रेघा केसाएवढ्या बारीक. आज प्लांटमधून घरी आले, तर पत्रा सिंकपाशी, आरशासारखा चकचकीत, रेघा पार पुसलेल्या. विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकलेल्या सासूबाईंनी तो ताम्हणासारखा चिंच-मीठ लावून, तारेच्या घासणीने घासला होता.

"किती काळं पडलं हुतं गं. लख्ख केलंय बघ," म्हणाल्या. वर कौतुकाने हसल्या.

बाजूलाच कोरणी होती. ती उचलली, हात उगारला. पुढचं आठवतं ते थेट लाकूड फुटल्याचा आवाज.

नवरा, मंदार, वरच्या मजल्यावरून मीटिंग सोडून धावत आला. "हात घसरला," मी म्हटलं. सासूबाईही लगेच म्हणाल्या, "हो रे, घसरला तिचा हात."

"कुणाला लागलं नाही ना? मग ग्रँड!" इथल्या लोकांसारखं म्हणून नवरा परत वर.

ग्रँड कसलं डोंबलाचं! कोरणी घसरली की मागे लांब ओरखडा राहतो. गेले दहा महिने मी तेच ओरखडे निस्तरतेय. आत्ताच त्या भोकाभोवती बोट फिरवून आले. ओरखडा नाही. भोक सरळ, खोल.

एवढंच आठवेना, सासूबाईंनी तेव्हा मान बाजूला केली होती का?